वंशसंहार : ओळख आणि प्रतिबंध

वंशसंहार हा अपराध मानवी इतिहासाइतकाच जुना आहे. परंतु त्याला स्वतंत्र नाव मिळून अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत. जिंकलेल्या नगरातील पुरुषांना ठार मारावे आणि स्त्रिया व मुले यांना दास करावे, ही रीत प्राचीन काळी अनेक देशांत होती व ती युद्धाचाच एक भाग मानली जात असे. ज्या कृत्याला नाव नसते त्याविषयी कायदा करता येत नाही. आणि ज्याविषयी कायदा नसतो त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. म्हणून या विषयाचा विचार शब्दापासूनच सुरू करणे इष्ट ठरते.

कत्तल, हत्याकांड, शिरकाण, नरसंहार असे अनेक शब्द आपल्या भाषेत आहेत. मृतांची मोठी संख्या आणि मारणाऱ्यांचे क्रौर्य त्या सर्वांतून व्यक्त होते. मारण्याचा हेतू मात्र त्यांतून कळत नाही. वंशसंहार या शब्दाचे वेगळेपण हेतूत आहे. येथे माणसाला त्याने काय केले म्हणून मारले जात नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढ्यावरून त्याच्या मरणाचा निर्णय झालेला असतो. म्हणूनच अशा प्रसंगी तान्ही मुलेही सुटत नाहीत.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

१५ मार्च १९२१ रोजी बर्लिनच्या एका रस्त्यावर सोगोमोन तेहलिरियन नावाच्या आर्मेनियन तरुणाने तलात पाशा यांचा गोळी झाडून वध केला. तलात पाशा हे पहिल्या महायुद्धाच्या काळात तुर्की साम्राज्याचे गृहमंत्री होते, आणि १९१५ पासून लक्षावधी आर्मेनियनांना घरांतून हुसकून वाळवंटाकडे हाकण्यात आले त्याची सूत्रे त्यांच्या हाती होती. तेहलिरियनवर खटला चालला व जूनमध्ये तो निर्दोष सुटला.

ही बातमी वाचून पोलंडमधील लव्होव येथे शिकणाऱ्या राफाएल लेम्किन या ज्यू विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना एक प्रश्न विचारला. एका माणसाचा वध केल्याबद्दल तेहलिरियनला पकडता येते. मग एका संपूर्ण समाजाचा अंत घडविणाऱ्या तलात पाशांना आधीच का पकडण्यात आले नाही? प्राध्यापकांचे उत्तर त्या काळच्या कायद्याला धरून होते. राज्य सार्वभौम असते, आपल्या प्रजेशी ते कसे वागते हा त्याचा अंतर्गत प्रश्न होय, आणि त्यात बाहेरच्यांनी हात घालण्याजोगा कायदा अस्तित्वात नाही, असे त्यांनी सांगितले.

लेम्किन यांचे उर्वरित आयुष्य हा कायदा घडविण्यात गेले. वॉर्सा येथे सरकारी अभियोक्ता असताना, १९३३ साली माद्रिद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्यांनी या अपराधाविषयीचा प्रस्ताव तयार केला. परंतु त्याला पाठिंबा मिळाला नाही. त्याच वर्षी हिटलर जर्मनीत सत्तेवर आला होता. १९३९ मध्ये पोलंडवर आक्रमण झाल्यावर लेम्किन लिथुएनियामार्गे स्वीडनला व पुढे १९४१ साली अमेरिकेला पोहोचले. मागे राहिलेल्या त्यांच्या आप्तांपैकी एकोणपन्नास जण नाझींच्या अत्याचारांत मृत्यू पावले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी वंशवाचक ग्रीक शब्दाला वधवाचक लॅटिन प्रत्यय जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द तयार केला. वंशसंहार हा त्याचाच मराठी पर्याय होय.

करार आणि भारत

हा शब्द कायद्यात येण्याच्या पहिल्याच टप्प्यात भारताचा सहभाग होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्यान्वये अपराध आहे असे घोषित करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४६ रोजी संमत केला. तो मांडण्यासाठी पुढे आलेले तीन देश म्हणजे क्यूबा, पनामा आणि भारत. भारत त्या वेळी स्वतंत्रही झाला नव्हता. त्या अधिवेशनातील भारतीय प्रतिनिधिमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते.

दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे आमसभेने वंशसंहाराच्या प्रतिबंधाचा व शिक्षेचा करार स्वीकारला. तो १२ जानेवारी १९५१ पासून अमलात आला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा, तो गट म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये या कराराने अपराध ठरविली आहेत : गटातील व्यक्तींना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, गटाचा शारीरिक नाश व्हावा अशी जीवनस्थिती त्याच्यावर बुद्ध्या लादणे, गटात मुले जन्मू नयेत अशी उपाययोजना करणे, आणि गटातील मुले बळाने दुसऱ्या गटाकडे सोपविणे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, वंशसंहार म्हणजे केवळ शस्त्राने केलेला वध नव्हे. उपासमार, सक्तीची नसबंदी आणि मुलांचे अपहरण हीदेखील त्याची साधने होऊ शकतात. दुसरी अशी की, केवळ मृतांच्या संख्येवरून एखाद्या घटनेस वंशसंहार म्हणता येत नाही. नाश करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गटांचा समावेश करारात झाला नाही. ती त्यातील मोठी उणीव होय, असे अनेक कायदेपंडित मानतात.

कराराच्या नावात प्रतिबंध हा शब्द शिक्षेच्या आधी येतो. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये सुरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले होते. तरीही जुलै १९९५ मध्ये तेथील सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष व मुलगे यांना ठार मारण्यात आले. या प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २००७ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. वंशसंहाराचा गंभीर धोका आहे हे राज्याला कळते, किंवा साधारणतः कळायला हवे होते, त्या क्षणापासूनच तो टाळण्याचे त्याचे कर्तव्य सुरू होते, असे न्यायालयाने सांगितले. हत्या सुरू होईपर्यंत वाट पाहण्याची मुभा कायदा देत नाही.

भारताने या करारास २७ ऑगस्ट १९५९ रोजी मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क येथे लेम्किन यांचे निधन झाले. तथापि कराराला अनुसरून स्वतंत्र देशांतर्गत कायदा आपल्याकडे अद्याप झालेला नाही. पूर्वीच्या दंडसंहितेत हा अपराध नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये या उणिवेकडे स्पष्टपणे लक्ष वेधले होते.

ओळखपत्रापासून नभोवाणीपर्यंत

वंशसंहार हा एखाद्या वादळासारखा अचानक कोसळतो, ही समजूत सर्वत्र आढळते. ‘लोक पिसाळले’, ‘जुने वैर उफाळून आले’ असे शब्द आपण अशा वेळी वापरतो. ही समजूत केवळ चुकीची नाही, तर घातकही आहे; कारण जे अचानक घडते ते कोणालाच थांबविता येत नाही, असा दिलासा तीतून मिळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. वंशसंहाराला तयारी लागते, तिला वर्षे लागतात, आणि ती बहुतांशी उघडपणे चालते. आफ्रिकेतील रुआंडा या लहानशा देशाचा इतिहास हे दाखवून देतो.

रुआंडातील हुतू हे बहुसंख्य आणि तुत्सी हे अल्पसंख्य. दोघांची भाषा एक, दोघांचे धर्मही तेच. दोघे शेजारी राहत आणि त्यांच्यांत विवाहसंबंधही होत. पूर्वी हे भेद बरेचसे गुरेढोरे, जमीन व दरबारातील स्थान यांवर अवलंबून होते. बेल्जियमच्या राजवटीने १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र देऊन त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का मारला. जो भेद काळाच्या ओघात बदलू शकत होता तो कागदावर कायमचा झाला. पुढे १९९४ मध्ये रस्तोरस्ती उभारलेल्या अडथळ्यांपाशी हेच ओळखपत्र मागितले जाई, आणि कोण जगेल व कोण मरेल हे त्यावरून ठरे.

तयारीचे दुसरे साधन भाषा हे होते. ऑक्टोबर १९९० मध्ये निर्वासित तुत्सींच्या सशस्त्र संघटनेने देशावर चढाई केल्यावर, देशातील प्रत्येक तुत्सी हा शत्रूचा हस्तक आहे, असा प्रचार सुरू झाला. ‘कांगुरा’ नावाच्या नियतकालिकाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तुत्सींशी विवाह, व्यवहार व मैत्री निषिद्ध ठरविणाऱ्या दहा आज्ञा छापल्या. जुलै १९९३ मध्ये सुरू झालेले एक खाजगी नभोवाणी केंद्र लोकप्रिय गाणी व चटकदार गप्पा यांच्या मधूनमधून तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हणत असे. त्यांना सापही म्हटले जाई. झुरळ मारताना कोणाचे मन कचरत नाही. माणसाला माणूस म्हणण्याचे नाकारले की त्याला मारण्यातील अडसर दूर होतो. प्रत्यक्ष हत्येसाठी तर ‘काम’ हा साधा शब्द रूढ झाला होता.

एकाचा दोष साऱ्या जातीवर लादण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. महाभारतातील सर्पसत्राची कथा सर्वज्ञात आहे. परीक्षिताला तक्षकाने दंश केला. जनमेजयाने मात्र यज्ञ मांडला तो समस्त सर्पकुलाचा नाश करण्यासाठी. तक्षक दोषी होता. अग्नीत पडणाऱ्या सर्पांनी राजाचे काय केले होते, हा प्रश्न त्या मंडपात कोणाला सुचला नाही. अखेर आस्तिक नावाच्या कुमाराने ते सत्र थांबविले, आणि त्याची माता नागकुळातील होती. वंशसंहाराची सर्व विचारसरणी त्या यज्ञमंडपात पाहावयास मिळते : खरे दुःख, खरा अपराधी, आणि त्यांच्या आडून दिलेली निरपराधांची आहुती.

माहिती होती, तरीही

रुआंडातील धोक्याची जगाला पूर्वसूचना नव्हती असे म्हणता येणार नाही. तुत्सींवरील हल्ले वंशसंहाराच्या व्याख्येत बसू शकतील, असा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने ऑगस्ट १९९३ मध्येच दिला होता. शांतिसेनेचे कॅनडियन सेनापती रोमेओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला संदेश पाठविला. एका खबऱ्याच्या हवाल्याने त्यांनी कळविले की, राजधानी किगालीतील तुत्सींची नोंद करण्याचे काम चालू असून वीस मिनिटांत एक हजार माणसे मारता येतील अशी तयारी झाली आहे. शस्त्रांच्या गुप्त साठ्यांवर छापा घालण्याचा आपला बेतही त्यांनी कळविला. हे शांतिसेनेच्या अधिकारकक्षेत बसत नाही, असे उत्तर आले.

६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले आणि काही तासांतच हत्यासत्र सुरू झाले. दुसऱ्या दिवशी शांतिसेनेतील दहा बेल्जियन सैनिक मारले गेले व बेल्जियमने आपली तुकडी परत बोलाविली. हत्या ऐन भरात असताना, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० पर्यंत घटविण्याचा निर्णय घेतला. बड्या राष्ट्रांचे प्रवक्ते वंशसंहार हा शब्द उच्चारण्याचे कित्येक आठवडे टाळीत राहिले. कारण शब्द उच्चारला की कर्तव्य येते, हे त्यांना ठाऊक होते. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली असा अंदाज सामान्यतः दिला जातो. त्यांत तुत्सींबरोबर, हत्येला विरोध करणारे हुतूही होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. उणीव माहितीची नव्हती, निर्धाराची होती. आणि सरकारांचा निर्धार हा पुष्कळदा लोकमताच्या दडपणावर अवलंबून असतो. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्या दूरच्या देशासाठी आपल्या सरकारला जाब विचारणारे नागरिक जगात फार थोडे होते. निष्क्रिय राहण्याची कोणतीही किंमत राज्यकर्त्यांना मोजावी लागत नव्हती. लोकजागृतीचा प्रश्न येथे उभा राहतो.

थांबविणारे हात

प्रतिबंध म्हणजे केवळ परक्या सैन्याचा हस्तक्षेप, असे मानण्याचे कारण नाही. रुआंडातीलच दोन अधिकाऱ्यांची हकीकत यादृष्टीने उद्बोधक आहे. दक्षिणेकडील बुतारे या प्रांताचे प्रमुख जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना यांनी इतरत्र आगडोंब उसळला असताना सुमारे दोन आठवडे आपला प्रांत बहुतांशी शांत ठेवला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९ एप्रिल रोजी हंगामी राष्ट्राध्यक्षांनी तेथे येऊन चिथावणीचे भाषण केले. आणि त्यानंतर बुतारेत भीषण हत्या झाल्या. हाब्यालिमाना यांनाही पुढे ठार मारण्यात आले.

दुसरे जाँ-पॉल अकायेसू. हे पूर्वी शिक्षक होते व नंतर ताबा या गावसमूहाचे नगरप्रमुख झाले. आरंभी त्यांनीही हिंसा रोखून धरली होती. परंतु १८ एप्रिलच्या एका राजकीय बैठकीनंतर ते फिरले आणि हत्येला उत्तेजन देऊ लागले. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांना दोषी ठरविले. वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला हा पहिलाच दोषनिर्णय होता, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते हे त्यातच प्रथम मान्य झाले. या पीठावर भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी न्यायाधीश नवनीतम पिल्ले होत्या. २००३ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने नभोवाणी केंद्राच्या दोघा प्रवर्तकांना आणि ‘कांगुरा’च्या संपादकाला दोषी ठरविले. २००७ मधील अपिलात त्यांतील काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या. परंतु शब्दांनी केलेली चिथावणी हाही अपराधच आहे, हे तत्त्व अबाधित राहिले.

सामान्य नागरिक काय करू शकतात याचे उदाहरण डेन्मार्कमध्ये सापडते. जर्मनांचा ताबा असूनही तेथे ज्यूंवर पिवळ्या ताऱ्याची सक्ती कधी झाली नाही. राजानेच स्वतः तो तारा लावला ही लोकप्रिय कथा खरी नाही. खरी गोष्ट अशी की, ज्यू शेजाऱ्यांना वेगळे काढण्यास तो समाजच तयार झाला नाही. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस, धरपकड होणार असल्याची सूचना गेओर्ग डुकविट्झ या जर्मन अधिकाऱ्यानेच गुप्तपणे दिली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत डॉक्टर, धर्मगुरू, विद्यार्थी व कोळी यांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोहोचविले. सुमारे पावणेपाचशे ज्यू नाझींच्या हाती सापडले.

वेळीच केलेली मध्यस्थीही उपयोगी पडते. डिसेंबर २००७ मधील निवडणुकीनंतर केनियात जमातींमध्ये हिंसाचार उसळला व हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी दोन्ही पक्षांत सत्तावाटपाचा करार झाला आणि पुढील अनर्थ टळला. रुआंडाच्या वेळी शांतिसेना विभागाचे प्रमुख असलेले अन्नान या वेळी थांबले नाहीत, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

वाचकाचे कर्तव्य

संयुक्त राष्ट्रांनी २००४ मध्ये वंशसंहार-प्रतिबंधासाठी विशेष सल्लागाराचे पद निर्माण केले, आणि २०१५ पासून ९ डिसेंबर हा दिवस वंशसंहारातील बळींच्या स्मरणाचा व प्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. या गोष्टी आवश्यक आहेत, परंतु पुरेशा नाहीत. ज्या टप्प्यावर प्रतिबंध सर्वांत सोपा असतो, तो टप्पा परिषदांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो शाळेत, बाजारात, कचेरीत आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यात असतो.

म्हणून काही चिन्हे सर्वांनीच ओळखावयास शिकले पाहिजे. एखाद्या समाजाचा उल्लेख किडे, साप किंवा रोग या शब्दांनी होऊ लागणे. एका व्यक्तीच्या अपराधाबद्दल साऱ्या समाजाला दोषी धरणे. त्या समाजाच्या घरांच्या व दुकानांच्या याद्या तयार होणे. त्याच्याशी व्यवहार करू नये असे जाहीरपणे सांगितले जाणे. हल्ले होऊनही हल्लेखोरांना शासन न होणे. आणि पूर्वीचे अत्याचार घडलेच नाहीत असे सांगितले जाणे, ही ती चिन्हे होत. यांपैकी एखादे चिन्ह दिसले म्हणजे वंशसंहार होणारच असे नव्हे. बहुतेक ठिकाणी तो होत नाही, आणि त्याचे एक कारण असे की, कोणीतरी वेळीच नकार दिलेला असतो. त्याचबरोबर, प्रत्येक दंगलीला वंशसंहार म्हणण्याचा मोहही टाळला पाहिजे. शब्द स्वस्त झाला तर ज्या दिवशी त्याची खरी गरज पडेल त्या दिवशी तो कोणालाही जागे करू शकणार नाही.

रुआंडातील आणखी एका घटनेने हे विवेचन संपवू. हत्याकांड थांबून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. १८ मार्च १९९७ च्या रात्री न्यांगे या गावच्या माध्यमिक शाळेत सशस्त्र हल्लेखोर शिरले व त्यांनी मुलांना हुतू आणि तुत्सी अशा दोन रांगांत वेगळे होण्यास फर्माविले. आम्ही सारे रुआंडाचे आहोत, असे सांगून मुलांनी वेगळे होण्यास नकार दिला. हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व हातबाँब फेकले. काही मुले मृत्यू पावली. ज्या विभागणीवर सारा वंशसंहार उभा असतो, ती विभागणी त्या मुलांनी मान्य केली नाही. साठ वर्षांपूर्वी ओळखपत्रावर पहिला शिक्का उमटला त्या वेळी, प्राणांची किंमत न मोजताही, हाच नकार देता आला असता.